गाय उलटते तेव्हा आधी वही उघडा

प्रश्न : आमच्या गोठ्यात ११ गाई आहेत आणि गोठ्याचं सगळं मीच पाहते. ७ गाई गाभण आहेत, पण उरलेल्या चौघींनी मला रडकुंडीला आणलंय. मोरी चार वेळा भरवली, म्हणजे कृत्रिम रेतन करवलं, पण चारही वेळा उलटली, गाभ न राहता पुन्हा माजावर आली. शेवटच्या वेळी कालवडच व्हावी म्हणून महागाची, लिंगनिर्धारित रेताची कांडी वापरली होती. ढवळी दोनदा उलटली, तिसरं रेतन होऊन ४० दिवस झालेत, पुन्हा कधी माजावर येते याची वाट पाहतेय. तांबूला याच महिन्यात तीनदा रेतन झालं. चंद्री सगळ्यांत जास्त दूध देते, पण व्यायल्याला ७८ दिवस होऊनही तिला माजच नाही. माजाची दोन इंजेक्शनं घरी ठेवून दिली होती, ती ११ दिवसांच्या अंतराने मीच टोचली, उपयोग झाला नाही. रेतन करणारे बदलले, कांडीही बदलून पाहिली. कांडीतच दम नसतो का? घरचे म्हणतात, चारही काढून टाका. वहीतल्या तारखा उतरवून पाठवत आहे.

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रापेक्षा सोबतचं वहीचं पान मी जास्त वेळ वाचलं. बहुतेक पत्रांत ‘गाय उलटते, उपाय सांगा’ एवढंच असतं. तुमच्या पानावर तारीख आहे, त्या दिवशी काय दिसलं ते आहे, कुठे ‘शेपटीला रक्त’, कुठे ‘बळसात पांढरे कण’ (बळस म्हणजे माजावरच्या गाईचा चिकट स्राव) अशी बारीक नोंद आहे. चौघींची दुखणी चार वेगवेगळी आहेत आणि ती त्या पानावर दिसतात. तुम्ही मात्र चौघींना एकाच माळेत ओवलंत आणि दोष कांडीवर टाकलात.

कांडीवरचा संशय आधी बाजूला करू. त्याच माणसांच्या हातून, कांड्या गोठवून ठेवायच्या त्यांच्याच नायट्रोजनच्या भांड्यांतल्या कांड्यांनी तुमच्या सात गाई गाभण राहिल्यात. भांड्यात नायट्रोजन कमी पडला असता किंवा रेतन करणाऱ्याचा हात चुकत असता, तर त्याचा फटका चौघींनाच निवडून बसला नसता, सगळा गोठा उलटला असता. दुसरा एक हिशेब करून पाहा. गाय निरोगी, माज बरोबर ओळखलेला, रेत उत्तम, हात सराईत, असं सगळं जुळून आलं तरी एका रेतनात गाभ राहण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते, जास्त दुधाच्या गाईंत त्याहून कमी. निम्मीच धरली, तर शंभर गाईंतल्या पन्नास पहिल्या रेतनाला रिकाम्या राहतात, दुसऱ्याला पंचवीस, आणि तिसऱ्यानंतरही बारा-तेरा. त्या बारा-तेरा गाईंत काही खोट असतेच असं नाही. तीनदा उलटली की ‘वांझ’ म्हणून मोकळं होण्याची घाई मला म्हणूनच पटत नाही. तीन रेतनांनंतर गाय नीट तपासायला घ्यावी, बाजाराची वाट धरू नये.

आता तारखा. गाईचं ऋतुचक्र साधारण २१ दिवसांचं असतं, १८ ते २४ दिवसांत कधीही माज आला तर तो वेळेवर आला असं धरायचं. हा आकडा हातात ठेवून तुमचं पान वाचू.

तांबूपासून सुरुवात करतो. तिच्या नोंदी अशा : ३ तारखेला शेपटीला रक्त दिसलं, लगेच रेतन. १२ तारखेला दिवसभर हंबरली, रेतन. २२ तारखेला चिकट काचेसारखा बळस, दुसरीला अंगावर उडू दिलं, रेतन. ३ ते १२ म्हणजे ९ दिवस, १२ ते २२ म्हणजे १० दिवस. नऊ-दहा दिवसांचं चक्र गाईला नसतं. पण दोन्ही मिळवा, १९ होतात. रक्त दिसतं ते माज होऊन गेल्यावर, साधारण दोन दिवसांनी. म्हणजे तांबूचा खरा माज १ तारखेच्या आसपास होऊन गेला होता आणि तिथून मोजलं की २२ तारीख बरोबर २१ व्या दिवशी येते! तांबूचं चक्र घड्याळासारखं चाललंय. तिला तीनदा रेतन झालं खरं, पण गाभ राहण्याची संधी एकदाच मिळाली, २२ तारखेला. तिला उलटणारी म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

रक्ताबद्दल गैरसमज फार. रक्त दिसलं म्हणजे गाय उलटली, असं काहीजण ठामपणे सांगतात. तुमच्यासारखे काहीजण तोच माज समजून धावतात. दोन्ही चूक. रक्त एवढंच सांगतं की दोन दिवसांपूर्वी माज होता. रेतन झालेल्या आणि गाभ राहिलेल्या गाईलाही ते दिसू शकतं, न राहिलेल्या गाईलाही. त्याचा उपयोग कॅलेंडरसारखा करायचा : रक्ताची तारीख लिहायची आणि तिथून १६ व्या दिवसापासून त्या गाईवर डोळा ठेवायचा.

हंबरण्याचंही तसंच. गाय भुकेने हंबरते, वासरासाठी हंबरते, जोडीदारीण हलवली तरी हंबरते. एकट्या हंबरण्यावर रेतन करू नका. माज नसताना केलेलं रेतन नुसतं वाया जात नाही. माजात गर्भाशय जंतूंचा सामना नेटाने करतं, मधल्या काळात त्याची ही ताकद कमी असते. अशा वेळी आत नळी गेली की जंतुसंसर्गाला वाट मिळते. आणि गाय आधीची गाभण असेल तर गाभ जाण्याचा धोका. काही गाभण गाईसुद्धा माजासारख्या वागतात, म्हणून हे विसरू नका.

ढवळीकडे वळू. तिच्या रेतनांमधलं अंतर ४३ दिवस आणि ४१ दिवस. एकवीसच्या दुप्पट. मधला एक-एक माज तुमच्या नजरेतून निसटला, असं मला वाटतं. दरम्यान गाभ राहून गेला असण्याची शक्यताही असते, पण दोन्ही वेळा अंतर बरोबर दुप्पट आलंय, त्यामुळे निसटलेला माजच जास्त संभवतो. तुम्ही लिहिलंय की गाई दिवसभर दावणीला असतात आणि धारेच्या वेळीच निरखून होतात. दावणीला बांधलेल्या गाईचा माज ओळखणं अवघडच आहे, कारण माजाची खरी खूण म्हणजे दुसरी गाय अंगावर उडाली तरी जागची न हलता उभं राहणं, आणि बांधलेल्या गाईला ती दाखवायला वाव नसतो. इतर खुणा सगळ्या दुय्यम : अस्वस्थपणा, दूध अचानक कमी होणं, निरणाची (योनीमुखाची) सूज, थोडं थोडं मुतणं, शेपटीला चिकटलेली चकचकीत तार.

गाईंना सकाळी आणि संध्याकाळी तास-तासभर मोकळं सोडा, आणि त्या वेळी तिथे दुसरं काहीही काम न करता किमान वीस-पंचवीस मिनिटं नुसतं पाहत उभ्या राहा. धार नको, वैरण टाकणं नको. गव्हाणीत तोंड असलं की गाय माज विसरते. एका वेळचं उभं राहणं काही सेकंदांचं असतं, तुम्ही बादली उचलायला वळलात की ते होऊन गेलेलं असतं. बऱ्याच गाई रात्री आणि पहाटे माज दाखवतात, म्हणून झोपण्याआधीची एक फेरी मी फार मोलाची मानतो. उडणारी गाय आणि खाली उभी राहणारी गाय यांत माजावर नक्की असते ती खालची. वरची असेल किंवा नसेल. पायाखालची फरशी गुळगुळीत असेल तर गाई घसरण्याच्या भीतीने उडतच नाहीत, खूर दुखत असेल तरी नाहीत. मोकळं सोडण्याची जागा मातीची असली तर उत्तम. शेपटीच्या मुळाशी, माकडहाडावर, जाड खडूचा किंवा रंगाचा पट्टा ओढून ठेवा. रात्रीत कुणी अंगावर उडालं असेल तर सकाळी तो पट्टा फिस्कटलेला दिसतो. हालचाल मोजणारे पट्टे आणि गळ्यातली यंत्रंही मिळतात, मोठ्या गोठ्यांना ती सोयीची. अकरा गाईंना तुमचे डोळे आणि खडू पुरेत.

माज दिसल्यावर रेतन कधी? उभा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो, जास्त दुधाच्या गाईंत तो ८ तासांच्या आतही आटोपतो. गाईचं बीज (स्त्रीबीज) सुटतं ते माज सुरू झाल्यापासून सुमारे २४ ते ३२ तासांनी, म्हणजे माज ओसरल्यानंतर. सुटलेलं बीज जेमतेम ६ ते १२ तास फळण्याजोगं राहतं. गोठवून वितळवलेलं रेत आत साधारण दिवसभर टिकतं, पण आत गेल्यावर फळवण्यालायक व्हायला त्याला काही तास लागतात. म्हणून शुक्राणू आधी पोहोचून बिजाची वाट पाहत असले पाहिजेत, तेही फार आधी नाही. अमेरिकेत नेब्रास्का इथे ट्रिम्बर्गर यांनी १९४० च्या दशकात गाईंवर हेच तपासलं आणि त्यातून आजही सगळीकडे वापरला जाणारा नियम रूढ झाला : सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तुमच्या नोंदीत ढवळीचं दुसरं रेतन माज दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झालेलं दिसतं, ‘ते गावाला गेले होते’ असं पुढे लिहिलंय. तेवढा उशीर तिला महागात पडला असावा. येणाऱ्याला उशीर होणार असेल तर त्या वेळी दुसऱ्याला बोलवा.

पण ढवळीबाबत आजचं तातडीचं काम वेगळं आहे. तिसऱ्या रेतनाला ४० दिवस झालेत आणि ती माजावर आलेली नाही. ती गाभण असू शकते! २१ व्या दिवशी उलटली नाही याचा अर्थ राहिलीच असा नसतो, माज पुन्हा निसटलेला असू शकतो. पण तपासल्याशिवाय तिला रेतनही नको आणि इंजेक्शनही नको. सराईत डॉक्टर हात घालून ४० ते ४५ दिवसांच्या सुमाराला गाभ सांगू शकतात, सोनोग्राफी असेल तर ३० दिवसांच्या आसपासही कळतं. या आठवड्यात तपासून घ्या. पुढेही प्रत्येक गाईला रेतन झालं की वहीत दोन तारखा आगाऊ लिहून ठेवा, २१ व्या दिवसाची आणि गर्भतपासणीची. रिकामी गाय रिकामी आहे हे लवकर कळणं, हा अर्धा फायदा आहे.

मोरी सगळ्यांत काळजीची. ३८ व्या दिवशी पहिलं रेतन, मग २१, २२, २० दिवसांनी. म्हणजे तिचा माज तुम्ही दरवेळी अचूक पकडलात, चक्र नियमित आहे, बीजही बहुधा सुटतंय, तरी गाभ टिकत नाही. गाभ राहिला की साधारण १६-१७ व्या दिवशी तो चिमुकला जीव गर्भाशयाला रासायनिक निरोप देतो की मी इथे आहे, पुढचा माज थांबव. त्याआधीच तो दगावला तर गाय काहीच घडलं नाही अशी २१ व्या दिवशी पुन्हा माजावर येते. बाहेरून पाहणाऱ्याला गाभ राहिलाच नाही आणि राहून गेला, या दोन्हींत काही फरक दिसत नाही.

तुमच्या पानावर मोरीच्या नावापुढे दोन ओळी आहेत, त्या मी अधोरेखित केल्या. एक, ‘वार अडकली, दुसऱ्या दिवशी हाताने ओढून काढली.’ (वार म्हणजे व्यायल्यावर आपोआप पडायला हवी ती नाळेची पिशवी.) दुसरी, ‘बळसात पांढरे कण.’ माजाचा बळस काचेसारखा हवा, हातावर घेतला तर तळव्याच्या रेषा त्यातून दिसाव्यात. त्यात दह्याच्या कवडीसारखे पांढरट ठिपके असतील, रंग गढूळ असेल, तर आत पू आहे. अशा गर्भाशयात कितीही उंची रेत टाकलं तरी शुक्राणू टिकत नाहीत, आणि फळलंच तरी गर्भ रुजत नाही. व्यायल्यानंतर गर्भाशय आकसून मूळ जागी यायलाच सहा आठवडे लागतात. वार अडकलेल्या गाईला त्याहून जास्त. तिला ३८ व्या दिवशी भरवणं म्हणजे जखम भरण्याआधी पट्टी काढणं झालं. निरोगी व्यायलेल्या गाईलाही ४५ ते ६० दिवसांपर्यंत थांबावं, मोरीसारखीला ६० च्या पुढेच हात लावावा.

आता मोरीचा पुढचा माज आला की रेतन करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवून बळस दाखवा, गर्भाशय तपासून घ्या, जमलं तर बळसाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणतं औषध लागू पडेल ते काढून घ्या. उपचार होऊन पुढच्या माजाला बळस स्वच्छ दिसला, तरच रेतन. आणि साधी कांडी वापरा. नेहमीच्या कांडीत बहुधा २ कोटींच्या आसपास शुक्राणू असतात, लिंगनिर्धारित रेताच्या कांडीत बऱ्याचदा २० ते ४० लाख, आणि तेही वेगळे काढण्याच्या प्रक्रियेतून थकून आलेले. त्या कांडीने गाभ राहण्याचं प्रमाण साध्यापेक्षा कमी असतं. ती तरण्या, निरोगी, पहिल्यांदा फळणाऱ्या कालवडीसाठी ठेवावी. महागड्या कांडीची किंमत जन्माला येणाऱ्या कालवडीच्या दुधाची किंवा लिंगाच्या खात्रीची असते. त्या पैशांत गाय गाभण राहण्याची हमी येत नाही.

एक प्रश्न तुम्हाला विचारायचा राहिला : मोरी दिवस भरून व्यायली होती का? गाईचे दिवस साधारण २८० असतात. त्याच्या बरंच आधी, सहाव्या-सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली असेल आणि मग वार अडकली असेल, तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगाची, रक्ततपासणी करून घ्याच. तो रोग माणसाला होतो. वार, गाभडलेलं वासरू, स्राव यांना उघड्या हाताने शिवू नका, हातमोजे घाला, ते सगळं खोल पुरा. आणि वार १२ तासांत पडली नाही तर ओढू नका, तिला वजन बांधू नका. ओढताना आतली अस्तरं फाटतात आणि तिथेच पू धरतो. डॉक्टर येईपर्यंत ताप पाहा, खाणं पाहा. हे मी जरा कळकळीने लिहितोय, कारण वार ओढून नासवलेली गर्भाशयं मी आयुष्यभर पाहत आलोय आणि त्यातल्या प्रत्येक वेळी ओढणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

चंद्रीला तुम्ही दिलेलं इंजेक्शन, वर्णनावरून, प्रोस्टाग्लॅंडिनचं आहे. ते माज ‘आणत’ नाही. बीज सुटल्यावर बीजांडकोषावर जो पिवळा पिंड तयार होतो, तो हे औषध विरघळवतं, आणि पिंड गेला की दोन ते पाच दिवसांत माज येतो. पिंडच नसेल, किंवा पाच-सहा दिवसांच्या आतला कोवळा असेल, तर औषध निष्फळ. तुमच्या दोन इंजेक्शनांत ११ दिवसांचं अंतर होतं, दोन्ही वेळा पिंड कोवळाच असेल असं सहसा होत नाही. चंद्रीच्या बाबतीत म्हणून मुख्यतः दोन गोष्टी संभवतात. एक तर तिचे बीजांडकोष अजून झोपलेत. किंवा चक्र सुरू आहे आणि माज मुका आहे, इंजेक्शननंतर आलाही असेल पण दिसला नाही. हे हात घालून, नाहीतर सोनोग्राफीने तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

तिथेच तुम्हाला एक कडक सूचना. हे इंजेक्शन गाभण गाईला चुकून दिलं तर गाभ पडतो. आणि माणसांनाही ते धोक्याचं आहे : गरोदर बाईने, दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने आणि दम्याच्या माणसाने त्याला हातही लावू नये. ते कातडीतून आत जिरतं. घरात ठेवून देऊन ‘टोचा’ म्हणणाऱ्याने तुम्हाला हे सांगायला हवं होतं. शिल्लक असेल तर उघड्यावर ठेवू नका, डॉक्टरांना परत करा.

चंद्री झोपली असण्याचं कारण तुमच्याच एका वाक्यात आहे : ‘व्यायली तेव्हा गुबगुबीत होती, आता कंबरेची हाडं वर आलीत.’ व्यायल्यानंतर दूध सहा-आठ आठवड्यांत शिगेला पोहोचतं, भूक मात्र त्याच्या महिनाभर मागे राहते. मधला खड्डा गाय अंगावरची चरबी जाळून भरते. त्या काळात शरीर एकच गोष्ट सांभाळतं, कासेतलं दूध. पुढच्या गाभाचं ते नंतर बघतं. बीजांडकोषातलं बीज पक्व व्हायला सुमारे तीन महिने लागतात. आज जे बीज सुटेल ते चंद्रीच्या सर्वांत वाईट दिवसांत वाढलेलं असेल. आज इंजेक्शन देऊन ते दिवस परत येत नाहीत.

तिच्या मागे उभ्या राहून पाहा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खोल खळगे पडलेत का, माकडहाड आणि कुल्ल्याचं हाड यांच्यामधलं मांस आत ओढलंय का, कंबरेच्या आखूड फासळ्यांवर तळवा ठेवला की टोकं टोचतात का. अंगावरची चरबी जोखण्याच्या १ ते ५ च्या मापात गाय व्यायताना ३ ते साडेतीनला असावी आणि त्यानंतर अर्ध्या गुणापेक्षा फार घसरू नये. चंद्री बहुधा चारच्या पुढे होती आणि सर्रकन खाली आली. जास्त लठ्ठ व्यायलेली गाय व्यायल्यावर कमी खाते, म्हणून जास्त वेगाने रोडावते. तिची पुढची चूक टाळायची तर ती आटवल्यावरच सावध व्हायला हवं, त्या दोन महिन्यांत तिला लाडाने जास्त खाऊ घालण्याचा मोह आवरा.

आता काय? खुराक एकदम वाढवू नका, पोटात आम्ल होऊन ती आणखी खाणं सोडेल. दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा वाढवा, दोनाऐवजी चार वेळा विभागून द्या, वैरण चांगल्या प्रतीची आणि कुट्टी केलेली द्या, पाणी चोवीस तास समोर ठेवा. खनिज मिश्रण रोज, मापाने, खुराकात मिसळून. तांबं, जस्त, सेलेनियम, आयोडीन, फॉस्फरस यांतलं काहीही कमी पडलं तरी माज मंदावतो, पण ‘उलटते म्हणून’ सेलेनियमची वेगळी इंजेक्शनं मनाने देऊ नका. त्याचा डोस जास्त झाला तर विष होतं. सरकी-भुईमुगासारखी पेंड भरमसाठ आणि ऊर्जा कमी, असंही नको. जास्तीच्या प्रथिनांचा युरिया रक्तात वाढतो आणि गर्भाला तो मानवत नाही.

तपासणीत चक्र सुरू असल्याचं निघालं तर वेळ बांधलेल्या रेतनाची पद्धत चंद्रीला लागू पडेल. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९९५ मध्ये ती पुढे आली : एक संप्रेरक, सात दिवसांनी प्रोस्टाग्लॅंडिन, दोन दिवसांनी पुन्हा पहिलं संप्रेरक आणि १६ ते २० तासांनी रेतन, माज दिसो वा न दिसो. मुक्या माजाच्या गाईंना तिचा उपयोग होतो. बीजांडकोष खरोखर झोपलेले असतील तर डॉक्टर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं साधन योनीत ठेवून सुरुवात करतील. पण दोन्हींच्या आधी तिचं रोडावणं थांबलं पाहिजे.

उन्हाचं थोडक्यात. गाईचं तापमान ३८.५ अंशांच्या आसपास असतं. ते ३९ च्या वर रेंगाळायला लागलं की पहिल्या काही दिवसांतला गर्भ तग धरत नाही, आणि बिजांना पोहोचलेली झळ ऊन सरल्यावरही काही आठवडे दिसत राहते. सावली, गार पाणी, अंगावर पाणी मारून पंख्याचं वारं, एवढं तरी करा. रेतनाच्या दिवशी गाईला भर दुपारी चालवत नेऊ नका.

आता रेतन करणाऱ्याकडे वळतो. संशय बाजूला केला म्हणजे नजर बंद करायची असं नाही. एकदा एका गोठ्यात मी नुसता बाजूला उभा राहून मोजत होतो. हव्या त्या वळूची कांडी शोधायला रेतन करणाऱ्या माणसाने कांड्यांची डबी नायट्रोजनच्या भांड्याच्या तोंडाबाहेर काढली, रंग निरखले, खाली सोडली, पुन्हा वर घेतली. माझ्या मोजण्याने चाळीस सेकंद झाले. आत उणे १९६ अंश असतं. डबी मानेच्या खालीच ठेवून आठ-दहा सेकंदांत काम उरकायचं असतं. त्या चाळीस सेकंदांत हातातलीच नव्हे, तर डबीतली प्रत्येक कांडी दुबळी झाली, आणि पुन्हा नायट्रोजनमध्ये बुडवल्याने गेलेला जीव परत आला नाही. पुढे आठवडाभर ज्या ज्या गाईला त्यातली कांडी गेली, तिच्या मालकाने दोष गाईला दिला असेल.

तुमच्याकडे येणाऱ्यांचं पुढच्या वेळी पाहा. कांडी थर्मामीटर लावलेल्या ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात निदान अर्धा-पाऊण मिनिट धरतात की हातावर चोळून, खिशात ठेवून वितळवतात? बाहेर काढल्यावर कोरडी पुसतात का? पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. वितळवल्यापासून गाईत जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जातो का? निरण कागदाने कोरडं पुसतात की तसंच? रेत सोडताना हात सावकाश चालतो का? जागा गर्भाशयमुखाच्या शेवटच्या कड्याच्या जरा पुढे, गर्भाशयाच्या जेमतेम इंचभर लांबीच्या देहात. कड्यांत अडकून मागेच सोडलं तर फुकट जातं, फार पुढे ढकललं तर अस्तराला इजा. हे सगळं तुम्ही पाहताय म्हणून चांगल्या माणसाला राग येत नाही. तुमच्याकडचे गृहस्थ पाण्यात थर्मामीटर धरत असतील तर त्यांना सोडू नका. रेतन करणारा सारखा बदलत राहिलात तर कोणाच्या हातून काय झालं याचा हिशेबच लागत नाही.

विकण्याबद्दल. तांबू नाही. ढवळी तपासणीआधी तर मुळीच नाही, गाभण गाय भाकड म्हणून द्याल. चंद्री तुमची सर्वांत गुणी गाय आहे, तिला दोन महिने द्या. मोरीचा निर्णय मात्र तपासणीनंतर, आणि गर्भाशय चिकटलेलं निघालं तर मन घट्ट करावं लागेल. ते डॉक्टरांनाही आडपडदा न ठेवता विचारा.

तांबूचं रेतन २२ तारखेचं. पुढच्या महिन्याच्या ९ पासून १६ पर्यंत तिला रोज तीन वेळा पाहा, माकडहाडावर खडू ओढून ठेवा. पट्टा तसाच राहिला तर ५ ते १० तारखेच्या दरम्यान, त्याच्याही पुढच्या महिन्यात, गर्भतपासणी करून घ्या. ढवळीच्या तपासणीबरोबर मोरीचा बळसही दाखवता आला तर एका फेरीत दोन्ही होईल, तिचा माज त्या आठवड्यात येतोय का ते वहीत बघा. आणि मोरी दिवस भरून व्यायली होती का, तेवढं मला कळवा.